हात न लावता मोजलेला पाय

आमच्या घरात कुणी कुणाच्या पाया पडत नाही. दिवाळीला नाही, परीक्षेला जाताना नाही, कुणाच्या लग्नातही नाही. माझ्या जन्माआधी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक पत्रक लिहिलं होतं. त्यात शेवटून दुसरी ओळ अशी होती की कुणाच्या पायावर डोकं ठेवू नका आणि कुणाचं डोकं आपल्या पायावर घेऊ नका. पत्रक कुठल्या तरी संपाचं होतं. तो संप कधीच मिटला, पण ती ओळ आमच्या घरात कायद्यासारखी राहिली. आजोळी सगळी भावंडं रांगेनं वाकायची आणि मी रांगेच्या शेवटी ताठ उभी असायचे. मावशी म्हणायची, हिच्या कमरेत सळई घातलीय. वाढदिवसाला नाना माझ्याशी हात मिळवायचे. पाच वर्षांच्या मुलीचा हात दोन्ही हातांत घेऊन, सभेला आलेल्या पाहुण्याचा घ्यावा तसा.

अशा घरातल्या मुलीला सव्विसाव्या वर्षी नोकरी मिळाली ती लोकांच्या पायांना हात लावायची.

नोकरी सहा महिन्यांची होती. एका फिजिओथेरपी कॉलेजातल्या मॅडम यंत्रमागावर उभं राहून काम करणाऱ्यांच्या पायांचा अभ्यास करत होत्या. तळपायाच्या आतल्या बाजूला जी कमान असते ती वर्षानुवर्षं उभं राहून खचते का, आणि खचत असेल तर ती मोजायची सगळ्यात भरवशाची रीत कोणती, असे त्यांचे दोन प्रश्न होते. पहिल्याचं उत्तर मला न मोजताच माहीत होतं आणि मी ते मुलाखतीतच सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला माहीत आहे ते कागदावर आणायचंय. तेवढ्यासाठीच माणूस हवाय."

रीती तीन होत्या. सगळ्यात जुनी ठशाची. तळपायाला शाई लावून माणसाला कागदावर उभं करायचं. कमान असेल तर ठसा मधे बारीक होतो, नसेल तर आख्खा पाय उमटतो. मग मधली रुंदी आणि पुढची रुंदी मोजून भागाकार करायचा. दुसरी रीत हाताची. घोट्याच्या खाली, जरा पुढं, आतल्या बाजूला हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. तिथं पेननं ठिपका काढायचा. माणूस खुर्चीत बसलेला असताना तो ठिपका जमिनीपासून किती उंच आहे ते पट्टीनं मोजायचं, मग त्याला उभं करून पुन्हा मोजायचं. उभं राहिल्यावर ठिपका जितका खाली येतो, तितकी कमान बसते. तिसरी यंत्राची. जाड काचेच्या पेटीवर उभं राहायचं, खालून उजेड पडतो आणि पाय काचेला जिथं जिथं टेकला तेवढा भाग संगणकावर वेगळ्या रंगात दिसतो.

यंत्र नवं होतं आणि मॅडमना त्याचं कौतुक होतं, पण विश्वास हाताच्या रीतीवर होता. ठशाला त्या फारसं मानत नव्हत्या. जाड माणसाचा ठसा उगाच सपाट येतो, म्हणायच्या, आणि ठसा रुंदी सांगतो, उंची सांगत नाही. त्यांचं चूक नव्हतं. मी मात्र ठशांच्या घरात वाढले होते, आणि त्याबद्दल पुढं सांगावंच लागेल.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यानं आम्हाला परवानगी दिली. मालक तोंडी असंही बोलले होते की पाय खचतायत असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर मागांपुढं रबरी चटया घालू आणि मधून मधून टेकायला स्टुलं ठेवू. मला त्या बोलण्याचा संताप आला. माणूस बारा तास सिमेंटवर उभा आहे, एवढा पुरावा पुरत नाही? त्याचं हाड किती मिलिमीटर खाली आलं ते दाखवल्यावर त्याला चटई मिळणार? हे मी मॅडमना याच शब्दांत विचारलं. मी पत्रकं लिहिते हे त्यांना मुलाखतीतच कळलं होतं. त्या म्हणाल्या, "पत्रकात पुरावा लागत नसेल. मला लागतो."

मी यादी वाचायला घेतली. कामगारांच्या यादीत सतरा नंबरला नाना होते, आणि नाना नि मी आठ महिने एकमेकांशी बोललो नव्हतो.

*

आई गेल्यावर कन्ना चौकामागच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच उरलो. घरात आम्ही तेलुगू बोलतो. भांडण मात्र मराठीत करतो, कारण वाद घालायला मी शिकले ती पत्रकांतून, आणि पत्रकं मराठीत होती. माझी अक्षरओळखही तिथलीच. गुलाबी कागदाचे गठ्ठे घरात यायचे, त्यांच्या चौघड्या घालायचं काम माझं. घालता घालता वाचायला लागले. 'ळ' मी 'चळवळ' या शब्दातून शिकले. आठ वर्षांची असताना मी विचारलं होतं की दर वेळी 'कामगार बंधूंनो' का, आई पण विड्या वळते की. नानांनी डोकं खाजवलं आणि पुढच्या पत्रकापासून 'बंधूंनो आणि भगिनींनो' झालं. छापलेल्या शब्दात एवढी ताकद असते आणि तो शब्द माझ्यासारखीलाही बदलता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. ते डोक्यातून अजून उतरलेलं नाही.

पुढं संघटना पांगली. काही पुण्याला गेले, काही दमले, काही वारले. नानांनी लिहिणं थांबवलं. ते सकाळी सातला कारखान्यात जायचे आणि रात्री परत आले की भिंतीला हात लावत न्हाणीघराकडं जायचे. मला राग यायचा. मालकाचा यायचा, तसा त्यांचाही यायचा. माणूस इतकं कसं गप्प बसतो?

न्हाणीघरातून खाटेपर्यंत शहाबादी फरशी आहे. अंघोळ करून नाना त्यावरून चालत गेले की ओले पाय उमटायचे. माझ्या पायाचा ठसा टाचेला गोल, मधे एक पट्टी आणि पुढं बोटं. आईचाही तसाच. नानांचा ठसा म्हणजे विटेसारखा आयत, त्याला पाच बोटं. सोलापूरच्या उन्हाळ्यात फरशीवरचं पाणी टिकत नाही. खाटेपाशी पोचेपर्यंत न्हाणीघराजवळचा पहिला ठसा उडालेला असायचा. एका उन्हाळ्यात मी ते रोज बघत बसले आणि शेवटी पत्रक लिहिलं, नानांनी लिहिणं थांबवल्यानंतरचं घरातलं पहिलं. मथळा होता 'बारा तासांचे पाय'. त्यात एका विणकराचे पाय होते. फरशीवर विटेसारखा उमटणारा ठसा, सुजलेले घोटे, सकाळी भिंत धरून टाकलेलं पहिलं पाऊल. नाव नव्हतं. पत्रक मी स्वतः एमआयडीसीच्या फाटकांवर वाटलं.

नाव लागलंच नाही. भिंत धरून चालणारा, घरी शहाबादी फरशी असलेला आणि पत्रकं लिहिणारी मुलगी असलेला विणकर त्या भागात एकच होता. कारखान्यात त्यांना 'वीट' म्हणायला लागले. कुणीतरी म्हणालं, विठोबा विटेवर उभा असतो, आपली वीट मागावर उभी हाय. लोक हसले. नानाही हसले असतील, त्यांना तसं हसता येतं. घरी आल्यावर त्यांनी पत्रक खाटेवर ठेवलं आणि मराठीत सुरुवात केली, तेव्हाच मला कळलं की भांडण आहे.

"तू मला विचारलंस?"

मी म्हणाले, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.

"मग तेच उत्तर होतं की."

मी खूप बोलले. खरं ते खरं, ते कुणाच्या मालकीचं नसतं, म्हणाले. तुम्हीच मला हे शिकवलंत, म्हणाले. तुम्ही घाबरलात, असंही म्हणाले. यातलं शेवटचं मी परत घेऊ शकले असते आणि घेतलं नाही. त्या महिन्यात मी सात रस्त्याजवळ खोली घेतली. खोलीत एक खाट, एक खिडकी आणि आमच्या घरातून आणलेला गुलाबी कागदांचा एक गठ्ठा. जेवताना माझ्याशी कुणी वाद घालत नव्हतं. याची इतकी सवय नसते माणसाला, हे तिथं कळलं. भाकरी मोडताना मी कधीकधी दोन्ही बाजू स्वतःच बोलायचे, नानांची मराठीतली आणि माझी. नानांची बाजू हळूहळू जास्त चांगली व्हायला लागली होती.

*

कारखान्यात आम्हाला टॉवेलच्या गठ्ठ्यांमागचा कोपरा दिला. पहिल्याच दिवशी मुकादमानं शाई बंद केली. पायाची शाई जमिनीला लागणार, जमिनीची पांढऱ्या मालाला लागणार, मग आख्खा माल वाया. म्हणून आम्ही पाण्यावर आलो. परातीत पाय बुडवायचा, खाकी कागदावर उभं राहायचं, पाय उचलला की वाळायच्या आत पेन्सिलनं कड ओढायची. मी ते भराभर करायचे. त्यात माझा हात चांगला बसला होता.

अडचण दुसरीकडंच होती. पायाला हात लावला की माणसं पाय मागं घ्यायची. तरुण पोरं नाही. ती मोबाइल बघत पाय पुढं करायची. पन्नाशीच्या पुढची माणसं. मी वाकले की त्यांची बोटं आवळायची, हात आपोआप छातीशी जायचा. एकानं तर माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वादच दिला. मी त्यांना सांगितलं की मी पाया पडत नाहीये, मी कुणाच्याच पाया पडत नाही, आणि तुम्हीही कुणाला पडू देऊ नका. ते 'बरं बाई' म्हणाले.

वळसंगहून सायकलवर येणारे एक धिप्पाड काका होते, अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलणारे. ते काचेच्या पेटीवर चढायलाच तयार नव्हते. चढले ते टोपलीतल्या अंड्यांवर उभं राहावं तसे. "फुटली तर मी जबाबदार न्हाय बरं का बाई," म्हणाले. हाताच्या मोजणीला बसवलं तर पाय खुर्चीखाली.

"आमच्यात लेकीला पायाला हात लावू देत न्हाईत. लेक म्हंजी लक्ष्मी की."

मी म्हणाले, मी लक्ष्मी नाही, मोजणीवाली आहे.

"व्हय, पण हात लेकीचाच हाय न्हवं?"

भोवतीचे हसले. मी चिडले, आणि चिडून ठिपका जरा मोठाच काढला. हा माणूस मला काहीतरी मोजणीबद्दल सांगतोय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मला त्यात फक्त जुनाट समजूत दिसली. पत्रकांवर वाढलेल्या माणसाचा हा दोष असतो: समोरचा बोलला की आपण त्याचं उत्तर जुळवायला लागतो.

सतरा नंबर चहाच्या सुट्टीत आला. भुवयांवर कापसाची धूळ, मान खाली. मी "बसा" म्हणाले. ते बसले. मॅडम संगणकाशी होत्या, त्यांना आमचं नातं ठाऊक नव्हतं. नानांनी पँट दोन घड्या वर दुमडली, सभेत सतरंजीवर बसताना दुमडायचे तशी.

मी त्यांच्या पायाला आयुष्यात पहिल्यांदा हात लावला. टाचेच्या भेगांत कापसाचे तंतू बसले होते. पाय गार होता, कारखान्यातल्या एवढ्या उकाड्यात. उंचवटा अंगठ्याला लगेच सापडला. ठिपका काढला, बसून मोजलं. मग त्यांना उभं केलं, डाव्या हातानं घोटा धरला आणि पट्टी टेकवली. ठिपका जेमतेम दोन मिलिमीटर खाली आला. मी पुन्हा मोजलं, तेवढाच. मॅडमच्या तक्त्याप्रमाणे हा निरोगी पाय होता. काचेवरही मधे रुंद मोकळी जागा दिसली. नाना समोरच्या गठ्ठ्यांकडं बघत होते. शेवटी परातीत पाय बुडवून कागदावर उभे राहिले. मी दोन पावलं मागं होते, पेन्सिल घेऊन. त्यांनी पाय उचलला आणि खाली वीट होती. कड ओढताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

ते गेले. 'येतो' म्हणाले नाहीत.

त्या संध्याकाळी खोलीवर मी सगळे कागद पसरले. तरुणांचे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळत होते. म्हाताऱ्यांचे जुळत नव्हते. ठसा सपाट आणि हाताची मोजणी म्हणते पाय उत्तम, असं एकामागून एक. दुसऱ्या दिवशी मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या की हेच तर आपल्याला दाखवायचं होतं, ठसा फसवतो. ठसे बाजूला ठेवू आणि हाताच्या आकड्यांवर लिहू. म्हणजे कागदावर येणार होतं की या कारखान्यातल्या पाय झिजलेल्या माणसांचे पाय धडधाकट आहेत. चटया नाहीत, स्टुलं नाहीत. आणि ते माझ्या हातानं मोजलेलं असणार होतं.

दुसऱ्यांचं काय झालं असेल ते असो, नानांचं मला कळलंय असं मला वाटलं. त्यांनी मुद्दाम केलं. बोटं आवळली, पाय उचलून धरला आणि माझं पत्रक खोटं पाडलं. आठ महिने न बोलता दिलेलं ते उत्तर होतं.

*

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी घरी गेले. दार लोटलेलं होतं. नाना नुकतेच अंघोळ करून खाटेवर बसले होते आणि फरशीवर त्यांचे ओले पाय उमटलेले होते, ताजे, न्हाणीघरापासून खाटेपर्यंत. सहा-सात विटा.

पट्टी माझ्या पिशवीत होती. हात पिशवीकडं गेलासुद्धा. वाकायचं, पट्टी ठेवायची, दोन आकडे. ठसा फरशीवर पडलाय, त्याला कुणाला विचारायचं? मग ते आठ महिन्यांपूर्वीचं वाक्य आठवलं आणि मी उंबऱ्यातच उभी राहून म्हणाले, "नाना, मोजू का?"

त्यांनी फरशीकडं बघितलं. "वाळला की आता."

खरंच वाळला होता. फरशी नुसती काळी दिसत होती.

मी आत बसले. पाण्याचा तांब्या त्यांनी माझ्याकडं सरकवला. मी सरळ विचारलं की तुम्ही मुद्दाम पाय उचलून धरलात का, मला खोटं पाडायला. मराठीत विचारलं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. मग जे बोलले ते तेलुगूत, हळू आवाजात, आणि ते मी इथं मराठीत लिहिते आहे.

"तुझा हात तिथं होता. त्याच्यावर वजन कसं टाकू?"

मी म्हणाले, माझा हात खाली नव्हता, बाजूला होता, घोट्याला.

"ते तुला माहीत. पायाला काय माहीत?"

मला वळसंगचे काका आठवले. आवळलेली बोटं, छातीशी गेलेले हात, डोक्यावर ठेवलेला तो एक हात. लाज नव्हती ती. बापाच्या वयाची माणसं पायाशी वाकलेल्या मुलीसमोर स्वतःला हलकी करत होती. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होती, श्वास धरून उभी राहत होती, आणि आम्ही त्या हलक्या झालेल्या पायाची उंची लिहून घेत होतो. ज्या घरात माझ्या जन्माआधीपासून कुणी कुणाच्या पाया पडलं नाही, त्या घरातला पायही हेच करत होता. पत्रकातली ओळ नानांच्या डोक्यात होती, पायापर्यंत पोचली नव्हती. हसू येत होतं आणि रडूही, म्हणून पाणी प्यायले.

मग मी त्यांना अडचण सांगितली. ठसा मॅडम मानत नाहीत, उंचीच हवी, आणि उंची मोजायला हात लावावा लागतो. नाना विणकराच्या सवयीनं हातातल्या टॉवेलच्या कडेचा सुटा धागा ओढत ऐकत होते. त्यांनी विचारलं, ठिपका माणूस बसलेला असतानाच काढून ठेवता येतो का. येतो. मग तो काढून पट्टी जमिनीवर उभी ठेवली आणि लांबून फोटो घेतला तर आकडा वाचता येईल का. येईल, पट्टी पायाला लागून उभी राहिली तर.

"मग मागावर मोज. तुमच्या पेटीवर माणूस पाहुण्यासारखा उभा ऱ्हातो. धागा तुटला की बघ, कसा उभा ऱ्हातो ते."

हे त्यांनी पुन्हा मराठीत सांगितलं, सभेत ठराव मांडावा तसं. मी विचारलं, तुमचाही पाय मोजू? आकडा लिहू?

"आकडा लिही. माझी फरशी न्हाय, माझी भिंत न्हाय."

मी हो म्हणाले. घरी परत ये, असं ते म्हणाले नाहीत. येऊ का, असं मीही विचारलं नाही. बाहेर पडताना सवयीनं त्यांनी हात पुढं केला, वाढदिवसाला करायचे तसा, आणि मी तो हातात घेतला.

मॅडमना पटवायला दोन दिवस लागले. पटल्यावर मात्र त्यांनी माझ्यापेक्षा जास्त मेहनत घेतली, हे सांगितलं पाहिजे. सुताराकडून लाकडी ठोकळे करून घेतले आणि त्यांवर उभ्या पट्ट्या बसवल्या. पहिल्या दोन आठवड्यांची पन्नाशीपुढची सगळी मोजणी त्यांनी स्वतःच्या हातानं रद्द केली. ठसे परत बाहेर काढले. ठसा फसवतो, हे वाक्य त्यांच्या वहीत खोडलेलं नाही, पण त्याखाली हातही फसवतो आणि काचही, असं लिहिलं आहे.

नानांच्या मागापाशी मी बसले तेव्हा पाळी सुरू होऊन चार तास झाले होते. ठिपका त्यांनी स्वतःच काढून घेतला होता, मी नुसतं बोटानं लांबून दाखवलं. मी ठोकळा त्यांच्या पायाला लावून ठेवला आणि तीन हात मागं, खाली बसले. मागांच्या आवाजात बोलायचा प्रश्नच नव्हता. ते कापडाकडं बघत होते. सुरुवातीला पाय जरा अवघडला होता, टाच उचललेली, मला ती खूण आता ओळखता यायची. मग ताण्याचा एक धागा तुटला. नानांनी माग थांबवला, पुढं झुकले, दोन्ही हात धाग्यांत गेले, आणि ते मला विसरले. ठिपका खाली आला. मी फोटो काढत गेले. तो अजून खाली आला, पट्टीवरच्या एकेका रेघेवरून, सावकाश, आणि शेवटी आतली कड सिमेंटला टेकली. कमान नावाचं तिथं काही उरलं नाही. गाठ बसली, माग सुरू झाला, पाय तसाच राहिला. सव्वीस वर्षांत मी इतका वेळ त्यांच्याकडं बघितलं नव्हतं. त्यांनी मान वळवली नाही. मी ठोकळा उचलला आणि पुढच्या मागाकडं गेले.

मॅडमनी लिहून दिलं. निम्म्या मागांपुढं रबरी चटया आल्या. स्टुलं अजून आलेली नाहीत, आणि त्याबद्दल मी पत्रक लिहिणार आहे, त्यात कुणाचेही पाय नसतील. नानांच्या मागापुढं चटई आहे. मी अजून सात रस्त्याच्या खोलीतच राहते. जेवताना दोन्ही बाजू बोलणं बंद केलंय, नानांची बाजू आता मला नीट करता येत नाही.

हे सगळं छापायला देण्याआधी मी नानांकडं पाठवलं, कारण यात फरशी आहे आणि भिंतही. नको म्हणालात तर फाडून टाकीन, अशी चिठ्ठी लावली. वळसंगच्या काकांच्या हाती दिलं, त्यांच्याच हाती आठवड्यानं परत आलं. कुठलंही पान फाडलेलं नव्हतं. फरशीवरही काट नव्हती, भिंतीवरही नव्हती. मागापाशी मी बसले होते त्या परिच्छेदात मात्र "आणि ते मला विसरले" या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात, छापखान्यात मुद्रितं तपासायचे त्या बारीक अक्षरात, दोनच शब्द.

छापलेली चूक गुपचूप खोडायची नसते, खाली दुरुस्ती द्यायची असते, हे नानांनीच शिकवलंय. म्हणून ती ओळ वर होती तशी ठेवली आहे आणि त्यांची दुरुस्ती इथं देत आहे.

विसरलो नव्हतो.